शंकरपटाला मुक्कामी जायचं तर आधी वावर, मग तंबू, मग गाडी

फ्रान्समधल्या ल माँ या शहराजवळ १९२३ पासून चोवीस तासांची मोटारशर्यत भरते. बहुधा जूनमधल्या एखाद्या शनिवारी दुपारी सुटलेल्या गाड्या रविवारी दुपारपर्यंत धावतात, आणि ट्रॅकभोवती आखून दिलेल्या जागांत हजारो लोक तंबू ठोकून राहतात. तिथं तिकिटासोबत तंबूची जागाही राखून ठेवता येते. गाडीने जायचं, शर्यतीजवळच मुक्काम करायचा, ही हौस विदर्भात भागवायची तर शंकरपट आहे, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आपल्याकडे धाव काही सेकंदांची असते, जागरण मात्र रात्रभराचं. आणि तंबूची जागा कुणी आखून देत नाही, ती मागून घ्यावी लागते. सगळं नियोजन या मागण्यापासून सुरू होतं.

दुपारी येऊन दहा-बारा जोड्या पाहून संध्याकाळी परतणारे पुष्कळ. त्यांना पटाचा थोडाच भाग दिसतो. संध्याकाळी पिकअपमधून उतरणारे बैल, त्यांच्या अंगावर झूल टाकून शेजारीच वाकळ अंथरणारे मालक, सकाळी उन्हात बैलांना फिरवणं, आणि पूर्व विदर्भात पटाच्या रात्री होणारं नाटक, हे सगळं मुक्कामी माणसालाच मिळतं. गावात लॉज नसतो. तालुक्याच्या लॉजवर त्या दिवसांत नाटकवाल्यांपासून पटवाल्यांपर्यंत सगळ्यांची गर्दी असते. म्हणून तंबू.

कोणता पट, आणि तो होणार आहे का

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत मंडईपाठोपाठ (दिवाळीनंतरची गावजत्रा) पट लागतात, वऱ्हाडाकडे संक्रांतीच्या आसपास रंग चढतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोनपैकी एक वाट धरावी. पश्चिमेकडे अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर. हा पट जुना आणि मोठा आहे, गर्दीही तशीच, आणि इथं बायाही जोड्या हाकतात. पूर्वेकडे ब्रह्मपुरी, वडसा, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यातलं एखादं लहान गाव. माझा कल पूर्वेकडे आहे. पट लहान असला तरी दिवसा पट आणि रात्री नाटक हा जोड तिथंच मिळतो, शिवाय रिकाम्या बांध्या (धानाची शेतं) भरपूर असल्याने जागेची चणचण नसते.

तळेगावला जाणाऱ्यांना एक इशारा. मोबाईलच्या नकाशात नुसतं ‘तळेगाव’ टाकू नका. वर्धा जिल्ह्यात नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगाव श्यामजीपंत आहे, आणि भलत्या तळेगावात पोचलेली गाडी दर हंगामात एखादी तरी निघते. ‘दशासर’ पूर्ण लिहा, किंवा धामणगाव रेल्वे धरून चला.

पोस्टरवर तारीख छापली म्हणजे पट होईलच असं नाही. कायद्याची वाट मोठी वळणाची आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तरी धावा सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. आता पट होतो, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन आणि अटी पाळून. परवानगी लांबली की पट पुढे जातो. जनावरांची साथ आली तर अख्खा हंगाम अडतो, २०२२ मध्ये लम्पीमुळे बाजार आणि शर्यती दोन्हींवर बंदी आली होती. तेव्हा सुट्टी टाकण्याआधी समितीच्या माणसाला फोन लावा आणि सरळ विचारा, ‘भाऊ, परवानगी हातात आली काय?’ ‘येऊन राह्यली’ असं उत्तर आलं तर दोन दिवसांनी पुन्हा फोन करा. आणखी एक विचारायचं, कोणत्या गटाची धाव कोणत्या दिवशी. नामांकित जोड्या बहुधा शेवटाकडे पळतात. दोनच दिवस हातात असतील तर शेवटचे दोन धरा.

वावर मागताना

तंबू कुणाच्या तरी वावरातच, म्हणजे शेतातच, लागणार. मोकळं दिसतं म्हणून कुठंही गाडी घालणं हा सगळ्यात वाईट मार्ग. शक्य असेल तर आठवडाभर आधी, नाहीतर पोचल्याबरोबर उजेड असताना, समितीतल्या कुणाला तरी सोबत घेऊन मालकाला भेटा. ‘काका, रातच्याले दोन तंबू लावतो म्हटलं तुमच्या वावरात, जमते काय?’ एवढं पुरतं. नकार क्वचितच येतो. होकारासोबत येणारी अट मात्र नीट ऐका, ‘लावा नं बाप्पा, पण हरभऱ्याकडं जाऊ नका.’ ती अट म्हणजेच भाडं. गावच्या पोलीस पाटलाच्या कानावरही घालून ठेवा. रात्री अनोळखी गाडी दिसली की चौकशी त्याच्याकडेच होते.

जागा बघताना चार प्रश्न विचारायचे, आणि ते मालकालाच.

पहिला, इथं पीक आहे का? हा प्रश्न शहरी माणसाला खुळचट वाटेल. पण झाडीपट्टीत धान उभं असतानाच बांधीत लाखोळी हे कडधान्य टाकतात. धान कापून नेलं की ती बारीक, हिरवी, गवतासारखी दिसते. गवत समजून मऊ जागेवर तंबू ठोकाल तो कुणाच्या तरी लाखोळीवर.

दुसरा, रात्री ओलीत आहे का? शेतीची वीज बरेचदा रात्रपाळीची असते. शेजारच्या गव्हाला किंवा हरभऱ्याला मध्यरात्री पाणी सुटतं, धुरा (बांध) फुटला की ते खालच्या वावरात येतं, आणि खालचं वावर तुमचं असतं. म्हणून ओलीत होणाऱ्या पिकाच्या वरच्या अंगाला थांबा.

तिसरा, कोणत्या कुंपणात करंट आहे? रानडुकरांसाठी बरेच जण सौर झटका मशीन लावतात. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. पण काही ठिकाणी चोरून थेट लाइनची तार सोडलेली असते, आणि तिने माणसं मेली आहेत. कोणी हे मोकळेपणाने सांगणार नाही. नियम एकच ठेवा, अंधार पडल्यावर दुसऱ्याच्या वावरातून आडवाट धरायची नाही. पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने जा, लांब पडली तरी.

चौथा, जंगल किती जवळ आहे? ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड या भागांत वाघ गावाच्या शिवारापर्यंत येतो. हे पर्यटनाच्या जाहिरातीपुरतं नाही, तिथले लोक सांजवेळी वावरातून लगबगीने घरी परततात ते उगाच नाही. जंगलकाठाला, नाल्याच्या झुडपांजवळ, तलावाच्या पाळीखाली तंबू नको. गावाला लागून, दिवा दिसेल आणि हाक ऐकू जाईल अशा जागी लावा. वनजमिनीवर तर परवानगीशिवाय थांबायचंच नाही. अशा गावात शाळेचं पटांगण किंवा ग्रामपंचायतीची पडवी मिळाली तर तंबूचा हट्ट सोडा.

धावपट्टीच्या संदर्भात जागा कुठं असावी, हेही सांगून टाकतो. जोडी शेवटच्या रेषेवर थांबत नाही, वेगाने बरीच पुढे जाते आणि कधी वाटही सोडते. रेषेच्या पुढच्या टोकाला तंबू नको, गाडी नको, लेकरं तर नकोच. पाहायलाही तिथं उभं राहू नका. बाजूला, बल्ल्या किंवा दोर लावले असतील त्याच्या मागे, आणि शक्यतो पट्टीच्या मधल्या भागात उभं राहा. सुटण्याच्या जागी बैल बिथरलेले असतात, तिथं मालकांनाच मोकळीक हवी असते.

तंबू आणि माती

जानेवारीत दुपारी सदऱ्यावर फिराल आणि पहाटे दात वाजतील. विदर्भात या दिवसांत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली सहज उतरतं. धानाच्या खोलगट बांधीत थंडी अधिक साचते आणि दवही अधिक पडतं, म्हणून थोडी उंचवट्याची जागा बघा. तंबूचं तोंड उगवतीला केलं की सकाळी सात-साडेसातला ऊन आत येतं आणि कापड लवकर वाळतं. वरचं पावसाळी कापड थंडीतही लावायचंच, नाहीतर पहाटे दव अंगावर ठिबकतं. हवेची जाळी थोडी उघडी ठेवा.

जमीन तुमचा तंबू फाडू शकते. पऱ्हाटी (कपाशी) उपटलेल्या किंवा तूर कापलेल्या वावरात जमिनीलगत धारदार खुंट उरतात. ते तंबूचा तळ तर फाडतातच, गाडीचं टायरही बाजूने फोडतात. सोयाबीन निघून पडीत राहिलेलं वावर त्या मानाने बरं. धानाची धसकटं मऊ असतात, पण तंबूखाली जाड ताडपत्री तरीही हवी. मालकाकडून ओंजाभर तणस (धानाचा पेंढा) मागून ताडपत्रीखाली पसरलं तर गादीची गरज नाही. निघताना ते गोळा करून परत द्या, ते जनावराचं अन्न आहे. काळ्या मातीत थंडीपर्यंत भेगा पडतात आणि तंबूसोबत मिळणाऱ्या बोटभर खुंट्या त्यात धरत नाहीत. लोहाराकडून हातभर लांबीच्या लोखंडी सळया वाकवून घ्या, आणि एक दोर गाडीच्या चाकाला बांधा.

जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस, कधी गारपीटही होते. काळ्या मातीत पाऊस पडला की गाडी जागची हलत नाही, मग ट्रॅक्टरची विनवणी. ढग दिसले तर तंबू राहू द्या, गाडी मात्र तेव्हाच काढून मुरमाच्या किंवा डांबरी रस्त्याला लावा.

शेकोटीबद्दल दोन गोष्टी, दोन्ही जिवाच्या. तणसाचे ढीग, धानाचे पुंजणे, कडबा, कुटार यांच्या आसपास आग पेटवायची नाही, आणि वाऱ्याच्या दिशेला तर अजिबात नाही. एका ठिणगीत कुणाचं वर्षभराचं वैरण जातं. दुसरं, निखाऱ्याची शेगडी तंबूत नेऊन झोपायचं नाही. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. गारठ्यासाठी कानटोपी, लोकरीचे मोजे आणि एक जास्तीची चादर न्या. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून पांघरुणात घेतलं तर झोप लागेपर्यंत ऊब राहते.

बाकीचं सामान थोडक्यात. वीस लिटरचे पाण्याचे दोन जार (यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पिण्याचं पाणी सोबतच बरं), डोक्याला लावायची बॅटरी, बादली आणि मग, जाड सतरंजी, प्रथमोपचाराची पेटी, कचऱ्यासाठी पोती, आणि रोख पैसे. गर्दीत मोबाईलचं नेटवर्क बसतं आणि चहावाल्याचा क्यूआर कोड शोभेला उरतो. बायामाणसं सोबत असतील तर शौचालयाची व्यवस्था जागा ठरवतानाच विचारा. शाळेच्या चाव्या कुणाकडे असतात ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

गाडी आणि रस्ता

नागपूर किंवा मुंबईकडून तळेगाव दशासरला येणाऱ्याला समृद्धी महामार्ग सोयीचा, धामणगावजवळ उतरायचं. हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ ला मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण झाला, लांबी ७०१ किलोमीटर. मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे, दुचाकी चालत नाही. सरळ रस्ता, एकसारखा वेग, वर दुपारचं ऊन, यात डुलकी लागते आणि घासलेलं टायर तापून फुटतं. निघण्याआधी स्टेपनीसकट पाचही टायर पाहून घ्या, हवा थंड टायरमध्ये मोजा, दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. अमरावतीकरांनी चांदूर रेल्वेमार्गे यावं.

वडशाकडे जाणाऱ्यांना नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी ही वाट. भिवापूरला थांबून मिरची घेणार असाल तर परतीला घ्या, नाहीतर दोन दिवस अख्खी गाडी शिंकत राहील. ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगा ओलांडून वडसा. डिझेल-पेट्रोल तालुक्याच्या गावीच भरून घ्या.

अंधार पडल्यावर आडरस्त्याला गाडी चालवायची नाही, हा नियम मी फार कडक धरतो. त्या दिवसांत वऱ्हाडात कापूस भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे निघालेले असतात, झाडीत धानाचे, आणि बहुतेकांना मागचा दिवा नसतो. कापसाने फुगलेली ट्रॉली अर्ध्या रस्त्याहून जास्त जागा खाते. त्यात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आडवे येतात. रोह्याचा कळप दिसला तर पहिला गेला म्हणून गाडी दामटू नका, मागे अजून असतात. घरून सकाळी निघा, दुपारी तीनपर्यंत वावरात पोचा. तंबू उजेडी लागला पाहिजे.

पटावरचे दोन दिवस

पहिल्या संध्याकाळी धावपट्टीवर नाही, बैलांकडे जा. वर्ध्याकडची गवळाऊ, झाडीतली कठाणी, पश्चिम महाराष्ट्रातून आणलेली खिल्लार, नीट पाहिलं तर शिंगांच्या ठेवणीतला आणि चणीतला फरक कळायला लागतो. मालकाला विचारल्याशिवाय बैलाला हात लावायचा नाही, समोरून किंवा मागून एकदम जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. ड्रोन आणला असेल तर गाडीतच राहू द्या. आधी ‘काय जी, जोडी कुठली?’ असं विचारा, मग ढेपेपासून नावापर्यंत सगळं ऐकायला मिळतं. तिथल्या शेकोटीला बसणं हा माझ्या मते पटाचा सगळ्यात चांगला तास आहे.

दिवसा धावा पाहताना पद्धत समजून घ्या. वऱ्हाडाकडे जोडी एकटी घड्याळावर पळते आणि निकाल सेकंद-पॉइंटांत लागतो. झाडीपट्टीत दोन जोड्या शेजारच्या वाटांवर एकदम सुटतात, जिंकली ती पुढच्या फेरीत. दुसरा प्रकार नवख्याला लवकर कळतो, पहिल्यात रंगायचं तर जवळच्या कुणाला तरी जोड्यांचे आकडे विचारत राहावं लागतं. बैलाला काठीने, चाबकाने मारणं, टोचणं, विजेचा झटका देणं या सगळ्याला मनाई आहे. तसं दिसलं तर मोबाईल काढून गर्दीत वाद घालू नका, समितीच्या मंडपात किंवा बंदोबस्ताच्या पोलिसाला सांगा. पैजा लागत असतील तिथून सरळ बाजूला व्हा, तो जुगार आहे.

खाण्याची चिंता फार करू नका. सकाळी तर्री-पोहे, दुपारी झुणका-भाकर मिळते. पूर्वेकडे मडक्यावर भाजलेल्या लांब रोट्या आणि मटण हे पटाचं जेवण. एक जेवण मात्र तंबूशी करा. गोवऱ्या विकत घ्या, रोडगे भाजा, वांग्याची भाजी टाका, आणि वावराच्या मालकाला बोलवा. वावरात तूर उभी असेल तर शेंगा उकडायला तोच घेऊन येईल. स्वतः तोडू नका.

नाटक रात्री नऊ-दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं वडसा. एकाच गावात एका रात्री दोन नाटकंही लागतात, तेव्हा लाउडस्पीकरवरच्या जाहिराती ऐकून कोणतं ते ठरवा. तिकीट दुपारीच काढा. धावा संपल्या की जेवून सहा ते नऊ झोप काढायची, मग सतरंजी, चादर आणि कानटोपी घेऊन निघायचं. गाडी घेऊन जाऊ नका, बाहेर काढताना तासभर अडकते. तंबूवर एक माणूस ठेवा किंवा किमती वस्तू गाडीत कुलपात. ज्यांना झोपायचंच आहे त्यांनी कापूस आणावा, कानात घालायला.

नाटक सुटल्यावर पहाटे पाचला ‘आता जागेच आहोत तर निघू’ असं कुणीतरी म्हणतंच. ऐकू नका. धुकं, ट्रॅक्टर आणि जागलेला ड्रायव्हर एकत्र येतात ती हीच वेळ. नऊ-दहापर्यंत झोपा, तंबू उन्हात पूर्ण वाळवून मगच घडी करा. राख पाणी टाकून विझवा, हात लावून थंड झाल्याची खात्री करा आणि वरून माती ओढा. प्लास्टिकची पिशवी वावरात राहिली तर ती बैलाच्या पोटात जाते, म्हणून मालकासोबत एक चक्कर मारून कचरा वेचा. पैसे देऊ केले तर बहुतेक मालक घेत नाहीत आणि काही जण दुखावतात. घरात शाळकरी लेकरं असतील तर वह्या, नाहीतर येताना आणलेली संत्र्याची पेटी द्या. निघताना त्याचा फोन नंबर आणि वावराची खूण लिहून घ्या, पुढच्या हंगामात परवानगी आली की नाही हे आधी त्यालाच कळेल. गाडी डांबरी रस्त्याला लागली की थांबून चारही टायरांत खुंट रुतला आहे का ते बघा. हवा हळूहळू जात असेल तर तालुक्याच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं, समृद्धीवर चढल्यावर मात्र कठीण.